लाल जमिनीवर डिटेक्टर सतत ओरडतोय, सेटिंग कशी लावावी?

मोहोर (३ मे, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी मेलबर्नला राहतो. व्हिक्टोरिया राज्यात सोन्याच्या जुन्या पट्ट्यात हौस म्हणून सोनं शोधायला परवानगी असते, हे इथल्याच एका धाग्यात वाचलं होतं. रीतसर मायनर्स राइट (तिथला सोनं शोधायचा परवाना) काढलं, इक्विनॉक्स ८०० हा मेटल डिटेक्टर घेतला आणि गेले तीन शनिवार डनॉलीच्या बाजूला जातोय. सोबत आलेली ११ इंची कॉइलच (जमिनीवरून फिरवायची तबकडी) वापरतो.

घरामागच्या अंगणात १५ सेंमी खोल पुरलेलं दोन डॉलरचं नाणं दर वेळी खणखणीत वाजतं. डनॉलीच्या आयर्नबार्कच्या (निलगिरीच्या जातीच्या झाडांच्या) रानात मात्र पहिल्या पावलापासून किर्रर्र, टुंग, किर्रर्र चालू होतं. लाल माती, बारीक काळपट गोट्या, मधेच पांढरा क्वार्ट्‌झ. जिथे वाजतं तिथे खणलं की काहीच नाही. तीन शनिवारांत साठेक खड्डे खणून बुजवले असतील. हाती आले दोन खिळे आणि शिशाची एक गोळी.

पार्क १ मोड, सेन्सिटिव्हिटी २५ म्हणजे पूर्ण, कारण खोल जायचं होतं. ग्राउंड बॅलन्सला, म्हणजे जमिनीचा आवाज वजा करायच्या सेटिंगला, हात लावलेला नाही. यंत्रात काही बिघाड असेल का? जाणकारांनी मार्ग दाखवावा.

चैत्रपालवी (३ मे, रात्री १०:०५)

मला यातलं काही कळत नाही, पण विषय फार वेगळा आहे. वाचतेय.

तांबडी_माती (४ मे, सकाळी ७:१५)

मोहोर, यंत्र ठणठणीत आहे. ते तुम्हाला जमीन ऐकवतंय, आणि सेन्सिटिव्हिटी २५ वर ठेवून तुम्हीच त्याला सांगितलंय की जमेल तेवढ्या मोठ्यानं ऐकव. मी बेंडिगोजवळ राहतो, बारा वर्षं या रानांत फिरतोय. माझीही पहिली दोन वर्षं याच समजुतीत गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे खोली नव्हे. कॉइलच्या मानानं लांब असलेल्या लहान वस्तूचा सिग्नल अंतराच्या सहाव्या घातानं घटतो. अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६४ पट कमी. आता हेच उलटं करून बघा. यंत्राची ताकद दुप्पट केली तर खोली किती वाढेल? दोनचं सहावं मूळ, म्हणजे साधारण १.१२. जे २० सेंमीवर ऐकू येत होतं ते फार तर साडेबावीसवर ऐकू येईल. पण जमीन तर कॉइलला चिकटूनच आहे, तिचा गोंगाट पुरता दुप्पट होतो. शांत जमिनीत हा सौदा परवडतो. डनॉलीच्या मातीत अडीच सेंमी मिळवायला जाऊन दहा सेंमी गमावता, कारण सोन्याची कुजबुज त्या गोंगाटात बुडून जाते.

आता त्याच गणिताचा फायदा घ्या. वस्तू १५ सेंमी खाली आहे आणि कॉइल जमिनीपासून ५ सेंमी वर फिरतेय, म्हणजे अंतर २०. कॉइल २ सेंमीवर आणली की अंतर १७. सिग्नल अडीच पटींहून जास्त वाढतो, तोही कुठलंही बटण न दाबता. नवीन माणसाचा झोका दोन्ही टोकांना वर उचलला जातो, झोपाळ्यासारखा. तिथली खोली तुम्ही स्वतःच कापून टाकता. मनगट सैल सोडा, कोपर अंगाशी ठेवा, कॉइल जमिनीला समांतर राहू द्या.

आता सेटिंग. पार्क मोड बागेतल्या नाण्यांसाठी आहे. गोल्ड १ लावा. अगदीच तापट जमीन असेल तर गोल्ड २. या मोडमध्ये थ्रेशोल्डचा बारीक, सलग आवाज असतो, तो डासाच्या गुणगुणीइतका ठेवा. खोलवरचं सोनं 'टुंग' करून वाजत नाही. ती गुणगुण किंचित फुगते आणि पुन्हा बसते, एवढंच. दहापैकी आठ जण ते ऐकतच नाहीत. हेडफोन लावल्याशिवाय या रानात जाऊ नका.

मग नॉइज कॅन्सल. कॉइल जमिनीपासून उचलून स्थिर धरा आणि यंत्राला शांत चॅनेल शोधू द्या. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर गाडीत ठेवा. जवळून विजेची तार जात असेल तर जागाच बदला.

त्यानंतर ग्राउंड बॅलन्स, आणि यात घाई नको. धातू नाही अशी हातभर जागा शोधा. सेटिंगमध्ये ग्राउंड बॅलन्सवर जाऊन ॲक्सेप्ट-रिजेक्टचं बटण दाबून धरा आणि कॉइल पाच सेंमीपासून पंधरा-वीस सेंमीपर्यंत सावकाश वरखाली करा. खाली नेताना आणि वर आणताना आवाज सारखा झाला की बटण सोडा. जमिनीचा रंग बदलला, खडी लागली, उतार संपून ओघळ आला की पुन्हा करा. मी दर दहा-पंधरा मिनिटांनी करतोच.

सेन्सिटिव्हिटी सर्वांत शेवटी. १२ पासून सुरू करा, एकेक वाढवत जा, आणि जिथे थ्रेशोल्ड तुटायला लागतो त्याच्या एक खाली थांबा. काही ठिकाणी हा आकडा १८ येईल, काही ठिकाणी १३. १३ बघून वाईट वाटून घेऊ नका.

तुम्ही जिथे फिरताय तिथून मोलियागुल जवळच आहे. जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना ५ फेब्रुवारी १८६९ ला तिथे 'वेलकम स्ट्रेंजर' नावाचा सोन्याचा गोळा मिळाला. सत्तर किलोंच्या आसपास सोनं, आणि झाडाच्या मुळांपाशी जेमतेम इंचभर मातीखाली. डनॉलीत तोलायला एवढा मोठा काटा नव्हता, म्हणून ऐरणीवर त्याचे तुकडे करावे लागले. सोनं खोलच असतं असं मनात धरून चालू नका.

जांभाचिरा (४ मे, दुपारी १:३०)

तांबडी_माती काकांचा प्रतिसाद फार आवडला. मी रत्नागिरीकडे भूशास्त्र शिकवते. जमीन का ओरडते, यावर थोडी भर घालते, कारण कारण समजलं की सेटिंग पाठ करावं लागत नाही.

'खनिजयुक्त जमीन' असं आपण एका शब्दात म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं काळं लोहखनिज. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात टायटॅनियम असलेलं मॅग्नेटाइट असतं, ते झिजून मातीत आणि ओढ्यांच्या काळ्या रेतीत येतं. ते कॉइलच्या क्षेत्राला तत्काळ साथ देतं. सिग्नल मोठा, पण त्याची वेळ ठरलेली. ग्राउंड बॅलन्स म्हणजे ती वेळ ओळखून तेवढा भाग वजा करणं.

दुसरी जास्त त्रासाची. मॅगहेमाइट या दुसऱ्या चुंबकीय लोहखनिजाचे अतिसूक्ष्म कण, मिलीमीटरच्या लाखाव्या भागाच्या पटीतले. क्षेत्र बंद झालं तरी यांचं चुंबकत्व लगेच उतरत नाही, रेंगाळत उतरतं. धातूत निर्माण होणारे भोवऱ्यासारखे प्रवाहही असेच रेंगाळत विरतात. म्हणून यंत्राला ही माती धातूसारखी भासते. मोहोर यांनी लिहिलेल्या काळपट गोट्या बहुधा याच. तिकडे त्यांना बकशॉट म्हणतात ना?

हे मॅगहेमाइट आगीनं वाढतं. लोहयुक्त माती पालापाचोळ्यासोबत तापली की त्यातल्या गोथाइट या लोहखनिजाचं मॅगहेमाइटमध्ये रूपांतर होतं. ऑस्ट्रेलियात वणवे. आमच्याकडे भातासाठी दाढ (रोपांची जागा) भाजतात, राब पेटवतात, तिथेही तेच. मी मुलांना दरवर्षी एक प्रयोग देते. भाजलेल्या दाढेची वरची माती आणि बांधाबाहेरची माती, दोन्ही वाळवून चाळायच्या आणि कागदाखालून चुंबक फिरवायचा. भाजलेली माती मिशीसारखी उभी राहते. रानात जाताना एक जोरदार चुंबक पिशवीत घालून खिशात ठेवा. यंत्र सुरू करायच्या आधीच जमीन कशी आहे ते कळेल.

तिसरी गोष्ट मीठ. ओल्या, खाऱ्या वाळूतून वीज वाहते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट या लोहखनिजाची काळी वाळू आणि समुद्राचं मीठ दोन्ही एकत्र असतं. एका फ्रिक्वेन्सीच्या यंत्राला दोन्ही एकदम वजा करता येत नाहीत, एक साधलं की दुसरं उसळतं. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणाऱ्या यंत्रांचा खरा उपयोग तिथे.

मोहोर (४ मे, रात्री ८:२०)

काका, ताई, मनापासून आभार. सहाव्या घाताचं गणित वाचून वही काढली आणि स्वतः करून पाहिलं. अंगणातलं नाणं का वाजतं आणि रान का ओरडतं ते आज कळलं.

दोन शंका. कॉइल बदलू का? मोठी घेतली तर खोल जाईल असं दुकानात सांगितलं. आणि ट्रॅकिंग चालू ठेवलं तर ग्राउंड बॅलन्स आपोआप होत राहील ना?

निवडुंग (४ मे, रात्री ११:१०)

मी पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला खाणीत कामाला आहे, सुट्टीत जीपीएक्स ५००० हा पल्स इंडक्शनचा डिटेक्टर घेऊन फिरतो. इथली जमीन तुमच्याहून तापट आहे.

कॉइलबद्दल. मोठी कॉइल खोल बघते हे खरं, पण ती तेवढी जास्त जमीनही एकदम बघते. तापट जमिनीत तो गोंगाट खोली खाऊन टाकतो, आणि गव्हाच्या दाण्याएवढं सोनं मोठ्या कॉइलला दिसतच नाही. तुमच्या यंत्राला ६ इंची कॉइल मिळते, ती घ्या. झुडपांच्या बुंध्यांत आणि दगडांच्या फटींत शिरते ते वेगळंच.

ट्रॅकिंगबद्दल सावध राहा. बारीक सिग्नल लागला आणि खात्री करायला तुम्ही कॉइल त्याच्यावर दहा वेळा फिरवली, की ट्रॅकिंग त्यालाच जमीन समजून वजा करायला लागतं. सिग्नल विरून जातो, तुम्ही पुढे निघता. संशय आला की आधी ट्रॅकिंग बंद करून बॅलन्स स्थिर करा, मगच तपासा.

काकांच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. कॉइल जमिनीला टेकवूनच फिरवा हे सगळीकडे लागू नाही. आमच्याकडे लोहदगडाच्या थरावर कॉइल दोन-तीन सेंमी वर धरली तर यंत्र शांत होतं, आणि त्या शांततेत ऐकू येणारं सोनं टेकवून मिळणाऱ्यापेक्षा जास्त असतं.

आणि खरं सांगायचं तर अशा जमिनीसाठी पल्स इंडक्शनची यंत्रं वेगळीच. ती सतत लहर सोडत नाहीत. ठोका देतात, थांबतात, मग ऐकतात. ताईंनी सांगितलेलं मॅग्नेटाइट तत्काळ साथ देऊन गप्प होतं, त्यामुळे यांना ते जवळजवळ जाणवतच नाही. रेंगाळणारं मॅगहेमाइट मात्र यांनाही ऐकू येतं, म्हणून यांनाही ग्राउंड बॅलन्स लागतो आणि जमिनीप्रमाणे टायमिंग, म्हणजे ठोका देण्याची आणि ऐकण्याची वेळ, बदलावं लागतं. जीपीएक्सवर मी जमेल तिथे 'नॉर्मल' टायमिंग वापरतो. मोनो (एकाच वेटोळ्याच्या) कॉइलवर जमीन फारच उसळली की 'एन्हान्स'. बारीक सोन्याची जागा असेल तर 'फाइन गोल्ड'. त्यातही 'नॉर्मल' डीडी (दोन वेटोळ्यांच्या) कॉइलवर शांत चालत असेल तर ते सोडून जाऊ नये. टायमिंग जितकं सौम्य करू तितकी काही आकारांच्या सोन्याची खोली कमी होते.

तांबडी_माती (५ मे, सकाळी ६:५०)

निवडुंग, कॉइल उचलण्याचा मुद्दा मान्य. माझ्या लिहिण्यात तो राहिला. मी असं करतो, आधी सेन्सिटिव्हिटी कमी करून टेकवून बघायचं, आणि १० च्या खाली जायची वेळ आली तर सेन्सिटिव्हिटी परत थोडी वाढवून कॉइल उचलायची. व्हिक्टोरियात अशी वेळ क्वचित येते, तुमच्याकडे रोज येत असेल.

मोहोर, पल्सचं यंत्र पहिल्या वर्षी घेऊ नका. किंमत बाजूला ठेवा, त्यात लोखंड ओळखण्याची सोय जवळजवळ नसते. बूटाचा प्रत्येक खिळा खणावा लागतो. आधी कान तयार होऊ द्या.

एक जुनी गोष्ट सांगतो. १९७०-८० च्या दशकात परदेशी डिटेक्टर या मातीवर आले तेव्हा लोकांना हाच अनुभव यायचा. तरी १९८० मध्ये केविन हिलियर यांना इथे व्हिक्टोरियातच किंगौरला डिटेक्टरवर 'हँड ऑफ फेथ' नावाचा सोन्याचा गोळा मिळाला, २७ किलोंचा. इथल्या मातीला पुरी पडतील अशी यंत्रं इथेच बनवायला हवीत, ही निकड मोठी होती. १९८५ मध्ये ॲडलेडला मिनलॅब ही डिटेक्टर बनवणारी कंपनी सुरू झाली, आणि तिथले शास्त्रज्ञ ब्रूस कँडी यांचं सगळं काम या ओरडणाऱ्या जमिनीभोवतीच फिरलं. तुमच्या हातातलं यंत्र त्याच घराण्यातलं आहे.

जमिनीचा सिग्नल की धातूचा, हे ओळखायची माझी रीत अशी. सिग्नल लागला की जसं आडवं फिरवलं, तसंच नव्वद अंशांत उभं फिरवून बघायचं. मग बुटानं वरची चार बोटं माती खरवडून बाजूला करायची. आवाज वाढला तर खाली धातू आहे, मोकळेपणानं खणा. आवाज गेला किंवा सरकला तर ती माती नाहीतर हॉट रॉक, म्हणजे धातूसारखा वाजणारा लोहयुक्त दगड. हॉट रॉक कॉइल जरा वर उचलली की पटकन मरतो, धातू सावकाश विरतो. तो दगड हातात घेऊन नीट बघा, रंग आणि वजन लक्षात ठेवा. त्या ओघळात तसेच शेकडो असणार.

पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. अशा मातीत खोलवरचं सोनं लोखंडाच्या आकड्याकडे ओढलं जातं. आकडा बघून सोडून द्याल तर तेच सोडाल.

आणि झोका सावकाश. डावीकडून उजवीकडे जायला तीन-चार सेकंद. रिकव्हरी स्पीड (एका सिग्नलनंतर पुढच्यासाठी सावरण्याचा वेग) फार कमी ठेवला की खोली मिळते पण जमिनीचा गोंगाटही वाढतो, तेव्हा ५-६ च्या आसपास ठेवून बघा.

ऊसकरी (६ मे, रात्री ९:००)

नमस्कार. मी कराडजवळचा शेतकरी. सोनं शोधायचं नाही, हरवलेलं शोधायचं आहे. मार्चमध्ये भांगलताना आईचं मंगळसूत्र तुटलं. एक वाटी तिथल्या तिथे सापडली, दुसरी नाही. लग्नातली आहे, आबांनी घडवलेली. आबा आता नाहीत. आई काही बोलत नाही, पण रोज त्या सरीत जाऊन बसते.

पाइपलाइनचं काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून एक साधा डिटेक्टर आणलाय. एकच फ्रिक्वेन्सी, ग्राउंड बॅलन्सला गोल बटण, डिस्क्रिमिनेशनला (नको ते धातू गाळायला) एक बटण. काळं रान आहे. लावल्यापासून ठणाणा करतंय. जागा साधारण आठ सऱ्या, वीस-वीस फूट. काय करू?

जांभाचिरा (६ मे, रात्री ९:२५)

दादा, सापडेल. तुमच्या काळ्या रानात मॅग्नेटाइट भरपूर असतं, पण माती एकसारखी असते, म्हणून बॅलन्स एकदा बसला की टिकतो. आमच्या जांभ्यापेक्षा तुमचं काम सोपं.

एकच विचारते. मार्चनंतर तिथे पाणी दिलंय का? काळी माती वाळली की भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. वाटी भेगेत गेली असेल आणि मग पाणी दिलं असेल, तर भेग मिटून ती खाली अडकलेली असेल.

ऊसकरी (६ मे, रात्री ९:४०)

ताई, त्या आठ सऱ्यांना पाणी दिलेलं नाही. आईनंच देऊ दिलं नाही. भेगा आहेत.

तांबडी_माती (७ मे, सकाळी ६:३०)

ऊसकरी, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. पाणी दिलं नाहीत हे फार चांगलं केलंत.

तुम्हाला खोली नकोच आहे. वाटी वरच्या बोटभर मातीत किंवा भेगेत आहे. डिस्क्रिमिनेशन पूर्ण बंद करा, कारण सोन्याची पातळ वाटी स्वस्त यंत्राच्या हिशेबात चांदीच्या कागदाच्या पंक्तीत बसते. लोखंड गाळायला गेलात तर ती पण गळेल. सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणा.

मग बॅलन्स. धातू नसलेल्या जागेवर कॉइल वरखाली करा. खाली नेताना आवाज वाढला तर बटण एका बाजूला किंचित फिरवा, वर उचलताना वाढला तर दुसऱ्या बाजूला. कुठली बाजू कशाची हे दोनदा करून लगेच कळेल. दोन्हीकडे सारखं झालं की अगदी केसभर अशा बाजूला ठेवा की खाली नेताना बारीक आवाज राहील. लहान वस्तूंना ते मदत करतं.

शोधण्याआधी एक करा. आईंकडे जी वाटी आहे ती दोऱ्याला बांधून त्याच सरीत मातीवर ठेवा, तिच्यावरून यंत्र फिरवा आणि तो आवाज डोक्यात बसवा. मग चार बोटं खाली ठेवून तोच आवाज ऐका. आपण नक्की काय शोधतोय हे ज्याला ऐकून माहीत आहे, त्याचं निम्मं काम झालेलं असतं.

आधी पाचट, गुटख्याच्या पुड्या, ठिबकच्या तारा उचलून घ्या. दोऱ्या ताणून पट्टे पाडा. प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर अर्धा चढू द्या. सरीच्या तळात आणि वरंब्याच्या दोन्ही उतारांवर वेगवेगळं फिरा, नाहीतर कॉइलची उंची बदलून यंत्र पुन्हा ओरडेल. मग भेगांवर, भेगेच्या रेषेतच, आडवं नाही.

गडकोट_फिरस्ता (७ मे, दुपारी १२:१५)

छान माहिती. मी गडांवर नेहमी जातो. असं यंत्र घेऊन गडावर गेलं तर जुनी नाणी वगैरे मिळू शकतील का? जांभ्याच्या गडांवर कुठलं सेटिंग लागेल?

वकिली_चष्मा (७ मे, दुपारी २:४०)

गडकोट_फिरस्ता, कृपया हे करू नका. संरक्षित स्मारकावर आणि त्याच्या परिसरात परवानगीशिवाय खणणं हा १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली गुन्हा आहे. इतर जमिनीत पुरलेला ऐवज सापडला तर भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, मग जमीन स्वतःची का असेना. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला पुरावस्तू म्हणून १९७२ चा कायदाही लागतो.

२०२५ मध्ये असीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन खणत होते, ती दृश्यं सगळ्यांनी पाहिली. एक नाणं उचललं की ते कुठल्या थरात, कशाच्या शेजारी पडलं होतं हे कायमचं जातं. ती माहिती परत कुणालाही मिळवता येत नाही.

ऊसकरी यांची गोष्ट वेगळी. स्वतःच्या आईची हरवलेली वाटी ही निखात निधी नाही.

गडकोट_फिरस्ता (७ मे, दुपारी ३:०५)

कल्पना नव्हती. विषय माझ्याकडून बंद. सांगितल्याबद्दल आभार.

तांबडी_माती (७ मे, संध्याकाळी ६:१०)

वकिली_चष्मा यांना पूर्ण अनुमोदन. व्हिक्टोरियातही मायनर्स राइट म्हणजे मोकाट परवाना नाही. बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत बंदी, खासगी जमिनीवर मालकाची संमती, आदिवासींच्या वारशाच्या जागांना हात लावायचा नाही, फक्त हाताची अवजारं, आणि प्रत्येक खड्डा बुजवायचा. मोहोर यांनी साठ खड्डे बुजवले हे सुरुवातीलाच लिहिलं होतं, तेव्हाच मला त्यांना उत्तर द्यावंसं वाटलं.

मोहोर (११ मे, रात्री १०:३०)

काल परत डनॉलीला जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

आधी चुंबक. गाडी लावली तिथली माती थोडीशी चिकटली. ओघळापाशी बकशॉटच्या गोट्या चुंबकाला द्राक्षांच्या घडासारख्या लटकल्या. मागचे तीन शनिवार मी नेमका तिथेच फिरत होतो. या वेळी उतारावर वर गेलो, जिथे क्वार्ट्‌झ जास्त आणि गोट्या कमी होत्या.

६ इंची कॉइल, गोल्ड १, नॉइज कॅन्सल, ग्राउंड बॅलन्स. सेन्सिटिव्हिटी वाढवत नेली, १६ वर थ्रेशोल्ड तुटायला लागला, १५ वर ठेवली. आणि शांतता झाली. पाखरांचा आवाज हेडफोनच्या बाहेरून ऐकू येत होता. तीन शनिवारांत पहिल्यांदा.

निघण्याआधी एक चाचणी केली. काठीनं तिरकं भोक पाडून मासेमारीचं शिशाचं वजन आत सरकवलं, म्हणजे वरची माती न उकरता वस्तू खाली. सात सेंमीवर स्पष्ट ऐकू आलं. मग मुद्दाम सेन्सिटिव्हिटी २५ केली. त्याच जागी त्याच शिशावर नुसता गोंगाट, शिसं कुठे आहे ते ओळखता येईना. १५ वर आणलं की पुन्हा स्पष्ट. हे स्वतःच्या कानानं ऐकलं नसतं तर पटलं नसतं.

दिवसभरात सतरा खड्डे. सोळांत शिशाच्या गोळ्या, छर्रे, बुटाचे खिळे, एक जुनं बटण. सगळे धातूच, एकही खड्डा रिकामा नाही. सतरावा दुपारी चारच्या सुमारास. आवाज असा नव्हताच, थ्रेशोल्ड जरासं श्वास घेतल्यासारखं फुगलं. उभं फिरवलं, तेच. चार बोटं खरवडली, वाढलं. साधारण सात सेंमीवर, लाल मातीच्या ढेकळात, तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं. घरी येऊन तोललं, ०.४ ग्रॅम. बायकोला आणि मुलीला दाखवलं तर मुलगी म्हणाली, हे खरंच जमिनीत होतं?

निवडुंग (११ मे, रात्री ११:००)

अभिनंदन! पहिलं सोनं. तो उतार सोडू नका. ज्या रेषेत सापडलं ती धरून वर सरकत जा, सोनं वरूनच घरंगळत आलेलं असतं. जागा मात्र इथे लिहू नका.

जांभाचिरा (१२ मे, सकाळी ९:१५)

मोहोर, २५ आणि १५ ची चाचणी वर्गात सांगणार आहे. तिरक्या भोकाची युक्ती तर फारच उत्तम. उकरलेली माती परत भरली की तिच्यातल्या कणांची मांडणी बदललेली असते, चाचणी खोटी ठरते.

ऊसकरी (१४ मे, रात्री ८:४५)

काका, ताई, सगळ्यांना सांगायचं होतं. वाटी मिळाली.

तुम्ही सांगितलं तसं आधी आईच्या वाटीवर आवाज ऐकला. दोन दिवस संध्याकाळी उन्हं उतरल्यावर फिरलो. पहिल्या दिवशी खिळे, तारा, बैलाच्या पायाचा जुना नाल, एक रुपयाचं नाणं. दुसऱ्या दिवशी पाचव्या सरीत, वरंब्याच्या उतारावरच्या भेगेवर. भेगेच्या रेषेत फिरवलं म्हणून वाजलं, आडवं फिरवताना आधी दोनदा तिथून गेलो होतो. वीतभर खाली भेगेच्या भिंतीला चिकटून बसली होती. खुरप्यानं कड मोकळी केली आणि हातानं काढली.

आई बांधावर बसली होती. वाटी हातात दिली तर तिनं पदरानं पुसली, दोन्ही वाट्या शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, आता पाणी सोड.

यंत्र परवा परत द्यायचंय. त्याआधी नांगराचा तुटलेला फाळ शोधून ठेवतो, ट्रॅक्टरच्या टायरला लागायची भीती आहे. पण जमिनीच्या त्या तुकड्यात खिळे खूप आहेत. काय सेटिंग ठेवू?

तांबडी_माती (१५ मे, सकाळी ६:४०)

वाचून फार बरं वाटलं. आईंना पुन्हा नमस्कार.

फाळासाठी डिस्क्रिमिनेशन बंदच राहू द्या, सेन्सिटिव्हिटी तीन चतुर्थांश, आणि कॉइल जमिनीपासून वीतभर वर धरून चाला. खिळे एवढ्या उंचीवर गप्प होतात, जमीनही गप्प होते. फाळासारखा मोठा तुकडा तरी वाजेल, आणि रुंद वाजेल. वाजला की तिथे काठी रोवा आणि पुढे जा. खणायचं सगळं शेवटी.